लोवेलच्या खानावळी आणि आजीची हौस

बॉस्टनच्या वायव्येला, ट्रॅफिक नसेल तर पाऊण तासावर, लोवेल नावाचं गाव आहे. तिथल्या एका लॅबमध्ये मध्यंतरी आमची काही सँपल्स तपासायला नेली होती. प्लास्टिकची पट्टी दोन टोकांना धरून तुटेपर्यंत ताणायची आणि कुठे तुटली ते लिहून ठेवायचं, असा माझा साधारण धंदा आहे. (याच्यासाठी पीएच.डी. लागते का, असं बाबांनी एकदा विचारलं होतं. लागते.) त्या दिवशी पट्ट्या बऱ्याच होत्या, मशीन एकच होतं, आणि लॅबमधल्या माणसाने "चार तासांनी या" म्हणून सांगितलं. चार तास करायचं काय? मी गिरणी बघायला गेलो.

लोवेल म्हणजे अमेरिकेचं गिरणगाव. मेरिमॅक नदी इथे पॉटकेट धबधब्यापाशी जवळजवळ दहा मीटर खाली उतरते. तो उतार बघून बॉस्टनच्या काही व्यापाऱ्यांनी १८२० च्या दशकात इथे कालवे खणले आणि त्यांच्या काठाने कापडगिरण्या उभ्या केल्या. वाफेचं इंजिन नाही, कोळसा नाही, सगळं पाण्याच्या चाकावर. ज्याच्या नावाने हे गाव वसलं तो फ्रान्सिस कॅबट लोवेल १८१७ मध्येच वारला होता. त्याने गाव पाहिलंच नाही. आता इथे नॅशनल पार्क आहे, १९७८ पासून. नॅशनल पार्क म्हटल्यावर आपल्याला अस्वलं आठवतात, आणि इथे टोपीवाला रेंजर भेटतो तो तुम्हाला माग दाखवतो! 'बूट मिल्स' नावाच्या गिरणीत (बूट हे माणसाचं आडनाव, पायातल्याशी संबंध नाही) जुने माग अजून चालवून दाखवतात. आत शिरताना कानात घालायला बोळे देतात. दोन मिनिटांत मला कळलं की आमच्या घरात सगळे इतक्या मोठ्याने का बोलतात. आजोबा मुंबईत गिरणीत साचेखात्यात होते. साच्यांच्या आवाजात ओरडून बोलायची सवय ते घरी घेऊन आले आणि ती आम्हाला वारशात मिळाली, एवढाच त्यांचा वारसा.

पण मला सांगायचं आहे ते मागांबद्दल नाही. गिरणीच्या समोरच त्या काळची एक विटांची बोर्डिंगची इमारत जपून ठेवली आहे. खालच्या मजल्यावर स्वयंपाकघर, त्याला लागून जेवायची खोली, लांब टेबलं, त्यांवर ओळीने मांडलेल्या ताटल्या. वर झोपायच्या खोल्या. मी दारात उभा राहिलो आणि पहिला शब्द डोक्यात आला तो म्हणजे 'खानावळ'.

इथे थोडं आमच्या घरचं सांगायला हवं. माझी आजी लालबागला चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत खानावळ चालवायची. आमच्या घरी ही गोष्ट नेहमी एकाच वाक्यात सांगितली जाते: "आईला माणसं जेवू घालायची भारी हौस." लग्नकार्यात, तिच्या वर्षश्राद्धाला, कोणी तिच्या हातच्या तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या कालवणाची आठवण काढली की हेच. मी हे वाक्य इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर विचार करायचं कधी सुचलंच नाही. लोवेलमधल्या त्या ताटल्या मोजताना पहिल्यांदा वाटलं, दहा बाय बाराच्या खोलीत चौदा परक्या पुरुषांना वर्षानुवर्षं दोन वेळा जेवू घालायची कोणाला हौस असते?

तर आधी लोवेल.

गिरण्या उभ्या राहिल्या, पण कामगार आणायचे कुठून? न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्यांचे मुलगे जमिनीच्या आशेने पश्चिमेकडे जात होते. उरल्या मुली. पंधरा ते तीस वयाच्या, लग्न न झालेल्या, लिहितावाचता येणाऱ्या. त्यांना गिरणीत आणायचं ठरलं. आता १८२५ सालच्या एखाद्या धार्मिक वृत्तीच्या शेतकऱ्याला जाऊन सांगा की तुमची अठरा वर्षांची मुलगी शंभर मैलांवर एकटी राहून गिरणीत काम करेल. तो काय म्हणेल ते आपल्याला चांगलं कळतं, कारण आपल्याकडेही तो हेच म्हणाला असता. यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे ही बोर्डिंगं. इमारत कंपनीची. मुलींनी तिथेच राहायचं. रात्री दहाला दार बंद. रविवारी चर्चला जायचं. आणि प्रत्येक घरावर एक प्रौढ, अब्रूदार बाई. ती बहुतेक वेळा विधवा असे.

विधवाच का? लोक याला कंपन्यांची दयाबुद्धी म्हणत. थोडीफार असेलही. पण यात कायद्याचा एक पेच होता. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात लग्न झालेल्या बाईला स्वतंत्र अस्तित्व जवळजवळ नव्हतं. तिची कमाई नवऱ्याची, तिची मालमत्ता त्याच्या ताब्यात, तिने स्वतःच्या नावाने करार करायचा नाही. मॅसॅच्युसेट्समध्ये विवाहित स्त्रीला स्वतःच्या मिळकतीवर आणि कमाईवर नीट हक्क मिळाला तो १८५५ च्या कायद्याने. नवरा मेला की मात्र ती पुन्हा कायद्याच्या दृष्टीने 'माणूस' होई, करार करू शके, भाडेपट्ट्यावर सही करू शके. म्हणजे धंदा करायची मोकळीक आणि धंदा करायची वेळ, दोन्ही एकाच दिवशी तिच्या दारात येत. वारसाहक्कात नवऱ्याच्या घराजमिनीचा एक तृतीयांश, तोही वापरण्यापुरता आणि ती जिवंत असेपर्यंत. कायद्याच्या कागदांत विधवेसाठी 'रेलिक्ट' असा शब्द असे. त्याचा सरळ अर्थ 'मागे उरलेली'. वस्तू म्हणा किंवा बाई म्हणा.

अशा दोन 'मागे उरलेल्या' बायकांची गोष्ट आपल्याला बरीच तपशिलात ठाऊक आहे, कारण दोघींच्या मुली पुढे लेखिका झाल्या.

पहिली हॅरिएट हॅन्सनची आई. नवरा बॉस्टनमध्ये सुतार. १८३१ मध्ये तो गेला. पदरात चार मुलं, सगळ्यात धाकटं अगदी तान्हं. एका बाईने हॅरिएटला दत्तक मागितलं. पोरीचं भलं होईल, तुझा एक भार कमी होईल, असं सांगून. आईने नकार दिला. एक वेळचं जेवण मिळत असेतोवर मुलं सोडणार नाही, अशा अर्थाचं ती काहीतरी म्हणाली. मग तिने एक लहानसं दुकान टाकलं: थोडा खाऊ, जळणाच्या काटक्या, बारीकसारीक वस्तू. दुकानामागच्या खोलीत बिछाना एकच. त्यात पाच जणं, तिघं उशाकडे डोकं करून आणि दोघं पायथ्याकडे. दुकान चालेना. तेव्हा तिच्या बहिणीचं बोलावणं आलं. ही बहीणही विधवा आणि लोवेलमध्ये बोर्डिंग चालवत होती. मग ही सगळी मंडळी कालव्यातल्या बोटीने लोवेलला आली आणि हॅरिएटच्या आईला ट्रेमाँट नावाच्या कंपनीचं एक घर चालवायला मिळालं.

दुसरी ल्यूसी लार्कमची आई. ही बेव्हर्लीच्या एका दर्यावर्दी कप्तानाची बायको. नवरा १८३२ मध्ये वारला, घरात पोरांची रांग. तीही १८३५ च्या सुमारास लोवेलला येऊन बोर्डिंग चालवू लागली.

आता यात एक गोष्ट बघा. दोघींची घरं वेगळी, नवऱ्यांचे धंदे वेगळे, गावं वेगळी. तरी दोघी येऊन पोचल्या त्याच चुलीपाशी. आजकाल 'उद्योजकता' या विषयावर व्याख्यानं झडतात, त्यांत सांगतात की आधी कल्पना हवी, मग बाजाराचा अभ्यास हवा. गरजेपोटी धंदा करणाऱ्या बाईचा क्रम उलटा असतो. ती आधी घरात काय आहे ते बघते. भांडवल नाही. मुलं सोडून बाहेर जाता येत नाही. कसब कुठलं, तर जे कालपर्यंत फुकट करत होते ते: रांधणं, धुणं, शिवणं. म्हणून त्या काळच्या गरजू बायकांचे धंदे बोटांवर मोजता येतात. शिवणकाम, धुणी, एखादं किरकोळ दुकान आणि खानावळ. आणि या धंद्यांत शिरणं सोपं म्हणूनच त्यांत सुटत फार थोडं, कारण शेजारची बाईही उद्या तेच करू शकते.

किती थोडं? इंजिनिअर माणूस, हिशोब केल्याशिवाय राहवलं नाही. लोवेलमध्ये मुलींच्या राहण्याजेवणाचा दर आठवड्याला सव्वा डॉलर होता. मुलीचा आठवड्याचा पगार तीन-साडेतीन डॉलरच्या घरात, त्यातून हे पैसे कापून कंपनी परस्पर बोर्डिंगवालीला देई. तीस मुली धरा. आठवड्याला साडेसदतीस डॉलर. तीस मुली, तीन वेळा, सात दिवस: सहाशे तीस ताटं. म्हणजे एका ताटाला सहा सेंटसुद्धा पुरते पडत नाहीत. यातच बिछाना, दिवाबत्ती, जळण, कंपनीला द्यायचं भाडं आणि मदतीला ठेवलेल्या पोरीचा पगार. जे उरेल ते घरचं. आणि ताट म्हणजे काही पेज नव्हे. मांस, बटाटे, ब्रेड, लोणी, चहाकॉफी, आणि पाय (खायचा). बारा-बारा तास मागावर उभ्या राहणाऱ्या मुली भरपूर जेवत. शिवाय जेवणाच्या सुट्टीला अर्धा-पाऊण तास, त्यातच गिरणीतून यायचं आणि परत जायचं. म्हणजे घंटा झाली की तीस माणसं एकदम दारात, आणि सगळं टेबलावर गरम मांडलेलं हवं.

ल्यूसीच्या आईला हे गणित जमलं नाही. तिचा हात सढळ होता. वाढताना मोजायची सवय नव्हती, आणि या धंद्यात जिला मोजता येत नाही ती बुडते. खर्च भागेना. शेवटी पोरांपैकी कोणीतरी शाळा सोडून गिरणीत जायचं ठरलं आणि अकरा वर्षांची ल्यूसी गेली.

हॅरिएटच्या आईला जमलं, पण कसं ते ऐका. तिच्याकडे एके काळी चाळीस माणसं जेवायला होती, त्यांतले बहुतेक पुरुष कामगार. सगळं ती एकटी करी, मुलं शाळेच्या आधी आणि नंतर हातभार लावत तेवढाच. हॅरिएटकडे ताटं धुवायचं काम. तिचा हात मोरीपर्यंत पोचत नसे म्हणून तिला एका बुटक्या स्टुलावर उभं राहावं लागे. पुढे दहाव्या वर्षी तीही गिरणीत लागली. भरलेल्या बॉबिना काढायच्या आणि रिकाम्या लावायच्या, आठवड्याला दोन डॉलर.

मोठमोठे पाहुणे लोवेल बघायला येत. चार्ल्स डिकन्स १८४२ मध्ये आला आणि भारावून गेला. बोर्डिंगांमध्ये पियानो आहेत, मुली वाचनालयाची पुस्तकं वाचतात आणि स्वतःचं मासिक काढतात, असं त्याने इंग्लंडच्या वाचकांना मुद्दाम सांगितलं. खरंच कौतुकाची गोष्ट होती. पण त्या घरात पियानो वाजत असताना मागे ताटं कोण विसळत होतं, याचा त्याच्या कौतुकात पत्ता नाही. डिकन्सला दोष देत नाही. चाळीत राहून मी तरी कधी बघितलं?

आता मुख्य गोष्ट, १८३६ ची.

त्या वर्षी महागाई वाढत होती. पीठ, मांस, लोणी सगळं चढलेलं, आणि दर मात्र कंपनीने बांधून दिलेला. बोर्डिंगवाल्यांचं गणित बसेना. तेव्हा कंपन्यांनी दर वाढवायचं ठरवलं आणि त्याचा भार मुलींच्या पगारावर टाकला. म्हणजे एका गरीब बाईचा खड्डा दुसऱ्या गरीब बाईच्या मातीने भरायचा, आणि कंपनीचा नफा शाबूत. ऑक्टोबरमध्ये मुलींनी काम बंद केलं. दोन वर्षांपूर्वी, १८३४ मध्येही पगारकपातीवरून त्या बाहेर पडल्या होत्या. या वेळी आकडा मोठा होता, दीड-दोन हजारांच्या घरात.

हॅरिएट तेव्हा अकरा वर्षांची. वरच्या मजल्यावरच्या मुली आधीच निघाल्या होत्या. तिच्या खात्यातल्या मोठ्या मुली मात्र एकमेकींकडे बघत उभ्या. जायचं का? तू जातेस का? शेवटी ही चिमुरडी वैतागली, कोणी येवो न येवो मी चालले म्हणाली आणि निघाली. मागे वळून बघते तर सगळी रांग तिच्या मागोमाग. म्हातारपणी, १८९८ मध्ये, तिने आपल्या आठवणींचं 'लूम अँड स्पिंडल' हे पुस्तक लिहिलं, त्यात या क्षणाबद्दलचा तिचा अभिमान अजून ताजा आहे. याहून मोठा अभिमान आता आपल्या राज्यात बायकांना मताचा हक्क मिळेल तेव्हाच वाटेल, असं ती लिहिते. तो दिवस तिला दिसला नाही. ती १९११ मध्ये गेली, मताचा हक्क आला १९२० मध्ये.

पण संप मोडल्यावर काय झालं? कंपनीच्या एजंटने हॅरिएटच्या आईला बोर्डिंगवरून काढून टाकलं. मोठ्या मुलींना तुम्ही आवरू शकला नसता हे समजू शकतो, पण तुमची स्वतःची पोरगी तर तुम्हाला आवरता आली असती, असं त्याचं म्हणणं.

हे वाचून मी बराच वेळ विचार करत होतो. जी दरवाढ मोडायला पोरगी बाहेर पडली, ती कागदावर तिच्याच आईच्या फायद्याची होती. आईच्या ताटामागचा सेंट वाढणार होता. तरी मुलगी संपात, आणि आईने तिला थांबवलं नाही. का थांबवलं नाही, हे पुस्तकात कुठे येत नाही. माझा अंदाज असा की तिला त्या दरवाढीचा अर्थ बरोबर कळला असावा. पगार कोणाचा कापला जातोय आणि कोण कापतंय, हे चाळीस माणसांना रोज वाढणाऱ्या बाईला कळत नसेल तर कोणाला?

आणि तिचा धंदा खरोखर तिचा होता का? घर कंपनीचं. गिऱ्हाइक कंपनीचं, बाहेरचा माणूस ठेवायला परवानगी लागे. दर कंपनीचा. पैसे कंपनीच्या हातून येणार. कोण रात्री उशिरा आलं, कोण चर्चला गेलं नाही, ते कंपनीला कळवायचं. दारासमोरचा बर्फ काढणंसुद्धा नियमात. तिचं काय, तर चूल आणि दोन हात. कंपनीने तिच्याकडून नुसतं जेवण घेतलं नव्हतं. दूरच्या शेतकऱ्याला दाखवायला एक आई भाड्याने घेतली होती, आणि भाड्याची आई आपल्या पोरीला आवरत नाही म्हटल्यावर करार संपला.

एक गोष्ट मात्र लोवेलच्या बाजूने सांगितली पाहिजे. तिथे उधारी बुडत नव्हती. पैसे पगारातून परस्पर कापून येत. हे सुख लालबागच्या बाईला कधी मिळालं नाही.

लोवेल आणि मुंबई यांचा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेचा कापूस थांबला. लोवेलच्या गिरण्यांनी चाकं बंद केली आणि हजारो कामगार रस्त्यावर आले. त्याच कापसाची भूक भागवायला इंग्लंडने मुंबईकडे पाहिलं आणि मुंबईत पैशांचा पूर आला. १८६५ मध्ये तो ओसरला तेव्हा कित्येक जण बुडाले, पण गिरण्यांचं युग सुरू झालंच होतं. कावसजी दावरांची पहिली गिरणी १८५६ मध्ये चालू झाली होती. पुढे कोकणातून, घाटावरून माणसं आली. इथे फरक असा की लोवेलला मुली आल्या, मुंबईला पुरुष आले. बायकामुलं गावी आणि एका खोलीत पाळ्यांनी झोपणारे दहा-पंधरा जण. कंपनीने बोर्डिंग वगैरे काही बांधलं नाही. जेवणाची सोय केली ती चाळीतल्या बायकांनी.

यातल्या काही बायका आधी स्वतः गिरणीत होत्या. १९२० च्या दशकात मुंबईच्या गिरणीकामगारांत साधारण पाचात एक बाई होती. पुढे यंत्रं बदलली, रात्रपाळीची बंदी आली, आणि कपातीत पहिली कुऱ्हाड बायकांवर पडत गेली. काही जणी नवऱ्याच्या आजारपणामुळे, काही नवरा गेल्यामुळे चुलीकडे वळल्या. खानावळीचा हिशोब महिन्याचा. माणूस महिनाभर जेवणार आणि पगार झाला की पैसे देणार. तोवर धान्य, तेल, रॉकेल आणायचं उधारीवर, वाण्याकडून नाहीतर सावकाराकडून, तो मागेल त्या व्याजाने. म्हणजे गिरणीच्या पगाराच्या तारखेपर्यंत सगळ्या गिरणगावाला ही बाई आपल्या कर्जावर पोसत असे. संप झाला की तर विचारूच नका. संपकऱ्याला जेवायला घातलं ते युनियनच्या आधी खानावळवालीने, आणि ते पैसे तिला कधी मिळतील याची खात्री नाही. गोवा मुक्तिलढ्यातून आणि कामगार चळवळीतून आलेल्या प्रेमाताई पुरव यांच्या हे नेमकं लक्षात आलं. १९७५ मध्ये चौदा खानावळवाल्यांना घेऊन त्यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं आणि या बायकांना बँकेची छोटी कर्जं मिळवून दिली. बँकांचं राष्ट्रीयीकरण १९६९ मध्ये झालं होतं म्हणून निदान मागायला एक दार होतं. तारण म्हणून ठेवायला त्यांच्याकडे काहीच नव्हतं, पण पैसे फेडायची सवय कोणापेक्षाही जास्त होती. १९८२ च्या संपाने पुढे गिरणगावच उठलं, तेव्हा या बायकांचं गिऱ्हाइकही उठलं. पण तो वेगळा विषय आहे.

आमच्या आजीपर्यंत बँकेचं कर्ज पोचलं नाही. तिची खानावळ त्याआधीच बंद झाली होती. का, ते मला त्या दिवशी लोवेलहून परत आल्यावर कळलं.

रविवारी रात्री मी बाबांना फोन करतो, म्हणजे त्यांची सोमवार सकाळ. मी त्यांना हॅरिएटची गोष्ट सांगितली. स्टुलावर उभं राहून ताटं धुवायची, वगैरे. बाबा नेहमी मध्ये मध्ये बोलतात, त्या दिवशी बोलले नाहीत.

"किती माणसं होती म्हणालास?"

"चाळीस."

"बाप रे. आमच्याकडे चौदा होती."

"ताटं तुम्ही घासायचात?"

"नाहीतर कोण? आणि खाडेही मीच लिहायचो."

ज्यांनी खानावळ पाहिलेली नाही त्यांच्यासाठी: माणूस एखाद्या वेळी जेवायला आला नाही की तो 'खाडा'. महिनाअखेर खाडे मोजून पैसे वजा होतात. आजीला लिहिता येत नव्हतं. आजोबा १९६२ मध्ये क्षयाने गेले तेव्हा बाबा दहा वर्षांचे. दीर म्हणाले गावी चल. ती गेली नाही. गावी जाऊन दुसऱ्याच्या चुलीपाशी राबण्यापेक्षा इथे आपल्या चुलीपाशी राबेन, असं तिचं म्हणणं. आजोबांच्या खात्यातलेच चार जण पहिले जेवायला आले. बाबा शाळेच्या वहीच्या मागच्या पानांवर खाडे मांडत. दहा तारखेला पगार, त्या दिवशी आजी बाबांना घेऊन गिरणीच्या फाटकाशी उभी राहायची. ती माणूस ओळखायची, बाबा आकडा वाचायचे. कोणी म्हणायचा सहा खाडे झाले, वहीत चार. फाटकाशी, सगळ्यांसमोर, दहा वर्षांच्या पोराने मोठ्या माणसाला "नाही, चारच" म्हणायचं. एक जण तीन महिन्यांचे पैसे ठेवून गावी गेला तो आलाच नाही. बाबांना त्याचं नाव अजून पाठ आहे.

"मग हौस हौस काय म्हणता तुम्ही?" मी विचारलं.

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "मला बँकेत नोकरी लागली ना, तेव्हा पहिली गोष्ट मी काय केली असेल तर खानावळ बंद केली. पहिल्या पगारालाच. साहेब घरी आला तर काय सांगायचं, असं वाटायचं. कोणी विचारलंच तर म्हणायचो, आईला हौस आहे जेवू घालायची. मग तेच पडलं."

"आजी काय म्हणाली? बंद करायला तयार होती?"

"तिला कोणी विचारलं?"

मी काही बोललो नाही. तिकडून चहाच्या कपाचा आवाज आला. मग बाबांनी आपणहून विचारलं, त्या तिकडच्या घरांत रात्री दार किती वाजता बंद व्हायचं म्हणालास?

"दहाला."

"दहाला? आमच्याकडे दुसऱ्या पाळीचे दोघे होते. पाळी सुटून यायला त्यांना साडेबारा व्हायचे. आई जागी असायची, भाकरी गरम करून द्यायची. खानावळ बंद केल्यावरही कितीतरी महिने ती साडेबारापर्यंत झोपत नव्हती."